न उकरलेली कबर

हर्बर्ट मॉय वर येणार नाहीत, असंच सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. वडिलांच्या गोष्टींतल्या या हॅरो गल्चला ते उभ्या जन्मात एकदाही आले नव्हते, आणि मुलीनं, कोरीननं, परवा फोनवर जे सांगितलं त्यानंतर तर येण्याचा प्रश्नच नव्हता. त्यामुळे खालच्या वळणावर ड्वाइटचा ट्रक धूळ उडवत दिसला आणि त्याच्या शेजारच्या सीटवर ती राखाडी हॅट दिसली, तेव्हा कोरीनच्या हातातला थर्मास हातातच राहिला.

"आला बघ," घडीच्या खुर्चीवर बसलेली विनी आत्या म्हणाली. "लग्नाकार्याला जायचा कंटाळा हर्बीला. भांडायला कुठंही जाईल."

"आत्या, आज नको ना."

"मी कुठं काय करतेय? मी तर संत्री सोलतेय."

सप्टेंबर संपत आला होता. उतारावरचं गवत वाळून पिवळं पडलं होतं आणि उन्हात ऊब होती तरी सावलीत गेलं की अंगावर काटा यायचा. गाव म्हणावं असं खाली आता काही उरलं नव्हतं. एका दुकानाची दगडी भिंत, दोन धुराडी, आणि ओढ्याच्या दोन्ही काठांनी सोन्यासाठी धुऊन टाकलेल्या गोट्यांचे लांबच लांब ढीग. सोनं आटलं तसे गोरे खाणवाले पुढच्या गावाकडं धावले, आणि त्यांनी टाकलेली वाळू पुन्हा धुवायला चिनी माणसं मागं राहिली. कोरीनचे पणजोबा, मॉय सिंग-याउ, त्यांतलेच एक.

त्या माणसांचं स्मशान या उतारावर होतं. म्हणजे आता नुसते खड्डे होते. गेलेल्याची हाडं काही वर्षांनी उकरायची, धुऊन पेटीत भरायची आणि समुद्रापार चीनमधल्या त्याच्या गावी पाठवायची, अशी रीत होती. सिंग-याउंचीही तशीच गेली. ते काम करणारी माणसं शेवटची येऊन गेली त्यालाही आता पाऊणशे वर्षं होऊन गेली होती, पण खड्डे तसेच होते, गवतानं भरलेले, एका ओळीत.

कोरीन बॉइझी शहरातल्या एका शाळेत इतिहास शिकवायची आणि गेले तीन उन्हाळे आपल्या घराण्याचा माग काढत या डोंगरांतली असली ओसाड गावं पालथी घालत होती. "सुट्टी लागली की आमची मुलगी मेलेल्यांच्या संडासांत बाटल्या शोधायला जाते," असं हर्बर्ट आपल्या हॉटेलात गिऱ्हाइकांना सांगायचे, आणि गिऱ्हाइकं हसायची. ओळीच्या टोकाला एक जागा खचलेली नाही, तिथं खड्डा नाही, उलट कडेनं दगड लावून ठेवलेत, हे तिनंच हेरलं होतं. ते दगड कुणीतरी नंतरही पुन्हा पुन्हा नीट बसवले होते, असं तिला वाटलं होतं.

आता हा डोंगर पुन्हा खणला जाणार होता. नव्या पद्धतीनं, सगळाच्या सगळा. एका कंपनीनं तो घेतला होता आणि कायद्याप्रमाणं आधी कबरी हलवायच्या होत्या. कोरीनच्या सांगण्यावरून पुरातत्त्वाच्या लोकांनी गुरुवारी ती जागा उघडली.

आत एक बाई होती.

*

हर्बर्ट ट्रकमधून उतरले. शहरातले चकचकीत बूट, वर कोट. चढ चढून आल्यावर ते दम घेत उभे राहिले. पुरातत्त्वाच्या लोकांच्या पांढऱ्या तंबूकडं त्यांनी एकदाच पाहिलं. मग उघड्या खड्ड्यासमोर आत्यानं मांडलेल्या गोष्टींकडं पाहिलं: उकडलेली कोंबडी, संत्री, चहाचे तीन पेले, पेटलेल्या उदबत्त्या.

"हे कुणासाठी?"

"आहे तिच्यासाठी," आत्या म्हणाली.

"आणि ती कोण आहे, हे कुणाला माहीत आहे का?"

"बाबा, आधी बसा," कोरीन म्हणाली. "चहा घ्या."

"मी बसायला आलेलो नाही. तुला फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून तोंडावर सांगायला आलोय." तरी ते बसले. ड्वाइटनं त्यांच्यासाठी खुर्ची उघडलीच होती. ड्वाइट आत्याचा मुलगा, पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा. खाणीकडं जाणारा नवा रस्ता त्याचीच यंत्रं करत होती, आणि सोमवारी ती या उताराला लागायची होती. हे तो बोलत नव्हता, पण मघापासून तो एकसारखा उताराकडंच बघत होता.

"आमची आजी तिकडं गावातच वारली," हर्बर्ट म्हणाले. "चांगल्या घरातली होती. तिचा फोटो माझ्या हॉटेलात आहे, आणि तिला उदबत्ती लावल्याशिवाय मी शटर उघडत नाही. तू लहानपणापासून बघत आलीस, कोरीन. बघत आलीस ना?"

"हो, बाबा."

"मग? या असल्या गावांत बायका विकायला आणायचे, हे काय मला माहीत नाही? तिकडून पोरी आणायच्या, दारूच्या गुत्त्यामागच्या खोलीत ठेवायच्या. त्यांतली एखादी इथं मेली. वाईट झालं. सरकार तिला पुरेल, नीट पुरेल, मी फुलं पाठवीन. पण तिला मॉयच्या घरात आणून बसवू नकोस. तीन वर्षं फिरलीस, हाती काही लागलं नाही, म्हणून आता जे सापडेल ते आपलं म्हणायचं?"

कोरीनला ते लागलं. त्यात थोडं खरं होतं, म्हणून जास्तच लागलं. "मी ती आपली आहे असं म्हटलंच नाही, बाबा. मी एवढंच म्हटलं, की बाकी सगळ्यांना उकरून नेलं आणि हिला नेलं नाही. असं का झालं, ते शोधायला हवं."

"बायकांना नेतच नसत. संपलं."

"मामांचं चुकतंय कुठं?" ड्वाइट म्हणाला. "कुणी पुढं आलं नाही, तर सोमवारी सकाळी सरकारी माणूस येऊन पेटी नेणार. खालच्या स्मशानात छान जागा आहे. झाडं आहेत."

"आणि तुझा रस्ता मोकळा."

"माझा रस्ता मोकळाच आहे, कोरी. मी काय कबरीवरून यंत्र नेणारा माणूस वाटलो तुला?"

"तसं नाही म्हटलं मी."

"तसंच म्हटलंस."

"ड्वाइट," आत्या म्हणाली, "माझी खुर्ची जरा वळव. तोंडावर ऊन येतंय."

त्यानं खुर्ची वळवली. आता ती बरोबर भावासमोर आली. संत्र्याची साल तिनं रुमालात बांधली, हात पुसले.

"हर्बी, आपले पपा कुठं जन्मले?"

हर्बर्टना हसू आलं. त्या दिवसातलं पहिलंच. "कुणाला सांगायचंय? साहेबाला की घरात?"

मॉय कुटुंबातला हा जुना विनोद होता. एके काळी इथं जन्मलेल्या चिनी माणसालाच बोटीतून उतरू देत. त्यामुळे जो येई तो छातीठोकपणे सांगे, की मी इथलाच, अमुक खाणीवर जन्मलो. कोरीनचे आजोबा गिम यांनीही एकोणिसाव्या वर्षी बंदरावरच्या साहेबाला सांगितलं, माझा जन्म हॅरो गल्चचा. साहेबानं उलटसुलट विचारलं आणि शेवटी सोडलं. बाहेर विचारलं तर हॅरो गल्च, घरात विचारलं तर गावाकडं: हे कोरीनच्या पिढीपर्यंत प्रत्येक पोराला पढवलेलं होतं. बाहेरचं खोटं आणि घरातलं खरं.

"साहेबाला सांगितलं तेच खरं होतं," आत्या म्हणाली.

तिनं ओढ्याच्या बाजूला बोट दाखवलं.

"खाली ती दगडी भिंत दिसते ना, तिच्यामागं सिंग-याउ आजोबांचं खोपट होतं. पपा तिथं जन्मले. आठ वर्षांचे होईपर्यंत तिथंच वाढले. त्यांची आई गेली आणि मग आजोबांनी त्यांना गावाकडं धाडलं, आपल्या बायकोकडं. तिला मूल नव्हतं. तिनं त्यांना आपलं म्हटलं, घराण्याच्या वंशावळीत आपल्या पोटचा म्हणून लिहून घेतलं. एकच अट घातली, की पुन्हा कधी त्या दुसरीचं नाव घ्यायचं नाही. पपांनी तो शब्द पाळला."

"हे तुला कुणी सांगितलं?" हर्बर्टांचा आवाज खाली आला होता.

"पपांनी. मी बारा वर्षांची होते. आपल्या जुन्या फोर्डमधून त्यांनी मला इथं आणलं होतं. इथंच, या दगडांशी उभं केलं आणि म्हणाले, नमस्कार कर, ही तुझी आजी."

"खोटं."

"हाडं उकरणारी माणसं आली तेव्हा पपा जाणते होते. तेच त्यांना दाखवत होते, हा अमका, हा तमका. आपल्या वडिलांची हाडं त्यांनी स्वतः धुतली. शेवटी त्या माणसांनी विचारलं, ही कोण? पपा म्हणाले, हिला राहू द्या. कारण ती मरताना आजोबांना सांगून गेली होती: मला तिकडं पाठवू नका. तिकडच्यांनीच मला विकलं."

वारा आला तशा उदबत्त्या भडकल्या आणि पुन्हा विझत विझत धुमसू लागल्या. ड्वाइट गवतावर खाली बसला.

"मी पपांना रडताना पाहिलंय," हर्बर्ट म्हणाले. प्रत्येक शब्द ते तोलून बोलत होते. "गावाकडून तार आली, आई गेली म्हणून. मी दहा वर्षांचा होतो. हॉटेलच्या मागं बटाट्यांच्या पोत्यांवर बसून पपा रडत होते. कुणी परक्या बाईसाठी असं रडत नाही, ताई."

"परकी कोण म्हणतंय? तीही आईच. तिनंच वाढवलं त्यांना. हर्बी, माणसाला दोन आया असू शकतात."

"मग मला का नाही सांगितलं?" इतक्या वेळात पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "मी मुलगा. घरातली पूजा मी करतो. गावाकडं पैसे मी पाठवले, कबर मी बांधून घेतली. मला सांगायचं सोडून तुला?"

"तेच तर कारण." आत्यानं नजर खाली वळवली. "पपा म्हणाले, हर्बर्टला सांगू नकोस. त्याला गावाकडच्या आजीचं सगळं करायचंय, त्याच्या मनात दुसरं काही नको. तुला सांगितलं तरी चालतं. तू मुलगी, उद्या दुसऱ्या घरची होशील. कुणाच्या तरी कानावर घालावंसं वाटलं त्यांना, आणि मी कुठल्या गणतीत नव्हते."

कोरीननं मान वळवली. तीन वर्षांत तिनं घरातल्या, नात्यातल्या, ओळखीतल्या प्रत्येक म्हाताऱ्याला बोलतं केलं होतं. बाबांच्या समोर टेप ठेवून कितीतरी रविवार तिनं काढले होते, आणि त्या प्रत्येक रविवारी आत्या त्याच टेबलापाशी होती: पेल्यांत चहा ओतत, बशा उचलत. आत्याला काही विचारावं, असं तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

"आई," ड्वाइट म्हणाला, "एवढी वर्षं तू एकटीच..."

"मग कुणाला सांगणार होते? तुझ्या वडिलांना? त्यांना स्वतःच्याच आईचं पुरे होतं."

ड्वाइट उठला. पँटचं गवत त्यानं झटकलं. "सोमवारी यंत्रं इथं लागणार नाहीत," तो कुणाला उद्देशून असं नव्हे, पण स्पष्ट म्हणाला. "कंपनीला काय सांगायचं ते मी बघतो. इथं मातीत अजून काही असेल तर नीट बघून घेऊ दे त्यांना." मग मामाकडं वळून, "आणि मामा, तुम्हाला ती नको असेल तर मी नेतो. माझीही ती कुणीतरी लागतेच."

"तू गप बस," हर्बर्ट म्हणाले. पण त्यात जोर नव्हता. ते उठून तंबूकडं निघाले, आणि थोडं पुढं जाऊन मागं न बघता म्हणाले, "कोरीन, चल. मला त्यातलं काही कळत नाही."

*

तंबूत पुरातत्त्वाच्या बाई होत्या, मिसेस हाल्वरसन. दोघांना बघून त्या बाहेर गेल्या.

पांढऱ्या कापडावर हाडं ओळीनं मांडली होती. मातीचा रंग त्यांच्यात पार मुरला होता. डाव्या मनगटाशी हिरव्या दगडाची बांगडी होती, आणि ती इतकी लहान, की कोरीनच्या हातात गेली नसती.

हर्बर्टांनी हॅट काढली.

"वय काय असेल?"

"तिशीच्या आतबाहेर, असं त्या म्हणतात."

"तुझ्याहून लहान."

"हो."

"नाव?"

"आत्याला माहीत नाही. आजोबांनी कधी सांगितलंच नाही. ते आईच म्हणायचे."

हर्बर्ट वाकले, निरखून बघू लागले. बाबा काय शोधताहेत हे कोरीनला समजलं. कपाळ, हनुवटी, काहीतरी. घरातल्या कुणाचंतरी काहीतरी.

"मला तर काही ओळखीचं वाटत नाही," ते शेवटी म्हणाले. "तुला वाटतं?"

खोटं बोलावंसं तिला वाटलं. "नाही, बाबा."

"मग ताई म्हणते ते खरं कशावरून?"

"तसं काही हातात नाही. आत्या म्हणते, एवढंच."

त्यांनी मान हलवली. कोपऱ्यात एक स्टूल होतं, त्यावर ते बसले. एकदम थकलेले दिसत होते. गुडघ्यावर ठेवलेल्या हॅटची कड ते बोटांनी सारखी करत राहिले.

"दर वर्षी, थंडी सुरू व्हायच्या आधी, पपा एक दिवस गाडी घेऊन जायचे," ते म्हणाले. "आईला सांगायचे, डोंगरातल्या शेतकऱ्याकडून बटाटे आणतो, स्वस्त पडतात. पहाटे जायचे ते अंधार पडता पडता यायचे. बुटांवर धूळ, नखांत माती. जेवायचे नाहीत." ते थांबले. "बटाटे त्यांनी कधी आणलेच नाहीत. आई चिडायची. आम्हा पोरांना वाटायचं, पपांची बाहेर कुठं बाई आहे. मी ते मनात ठेवलं. मोठा झाल्यावरही ठेवलं. मेल्यावरही."

कोरीन त्यांच्या पायाशी खाली बसली. लहानपणानंतर ती अशी कधी बसली नव्हती.

"सत्तर वर्षं मी पपांबद्दल वाईट विचार करत राहिलो," हर्बर्ट म्हणाले, "आणि ते इथं दगड लावत बसले होते."

बाहेर आत्या आणि ड्वाइट हळू आवाजात काही बोलत होते. ओढ्याचा आवाज येत होता.

"गावाकडच्या आजीचा फोटो मी उतरवणार नाही."

"कुणीच म्हणत नाही तसं."

"तिनं पपांना माणसात आणलं."

"हो, बाबा."

"हिला गावाकडं पाठवायचं नाही. तिनं तसं सांगितलंय. इथं राहणार होती, तर हे लोक इथलं सगळं उपटून टाकताहेत." ते बोलत होते, पण तिच्याशी नव्हे, स्वतःशीच हिशेब लावत होते. "पपांच्या कबरीशेजारी डाव्या हाताला जागा आहे."

"ती तुमची आहे."

"कुणाची आहे ते मला ठाऊक आहे. मीच घेतली ना ती." त्यांनी डोक्यावर हॅट ठेवली, पुन्हा काढली. "मुलापेक्षा आईचा हक्क आधी. मला कुठंही टाका. हाल्वरसनबाईंना बोलाव."

*

दुपार कलली तेव्हा पेटी तयार झाली. साधी लाकडी, फारशी जड नाही. मिसेस हाल्वरसनांनी झाकण लावलं आणि त्या क्षणभर त्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. पेटी ट्रकच्या मागच्या भागात दोरीनं बांधायला ड्वाइटनं जागा केली होती.

"मागं नाही," हर्बर्ट म्हणाले. ते पुढच्या सीटवर बसले आणि त्यांनी दोन्ही हात पुढं केले. ड्वाइटनं पेटी त्यांच्या मांडीवर ठेवली. आत्या आणि कोरीन मागच्या सीटवर बसल्या.

"हर्बी," आत्या म्हणाली, "वाटेत पूल लागतील."

"माहीत आहे."

आपला माणूस हलवताना वाटेतल्या प्रत्येक पुलावर त्याला हाक मारायची असते. पाणी आलं, ओलांडतोय, मागोमाग ये, असं सांगायचं असतं, नाहीतर तो पाण्याअलीकडंच राहतो. ही हाक घरातल्या कर्त्या पुरुषानं मारायची. आजोबांच्या वेळी हर्बर्टांनीच मारली होती, कोरीनला आठवत होतं.

पहिला पूल लाकडाचा होता, गावाच्या टोकालाच. ड्वाइटनं गाडी थांबवली. हर्बर्टांनी मान थोडी मागं वळवली.

"तू मार."

"मी?" आत्या म्हणाली. "मी कशी? मी बाई..."

"मला ती आज दुपारी भेटली, ताई. तुझी ओळख बारा वर्षांची असल्यापासूनची. माझ्या हाकेनं ती कशाला येईल?"

आत्यानं काच खाली केली. मनातल्या मनात इतकी वर्षं म्हटलेला तो शब्द आता बाहेर काढायचा होता. कोरीननं तिचा हात धरला.

"आजी," आत्या गावाकडच्या भाषेत म्हणाली. मग जरा मोठ्यानं, "आजी, पूल आलाय. पाणी ओलांडतोय. घाबरू नका. मी विनी, गिमची मुलगी. माझ्या मागोमाग या."

ड्वाइटनं गाडी पुलावरून पायी चालावी तशी नेली.

डोंगर उतरेपर्यंत बरेच पूल लागले. प्रत्येक वेळी गाडी थांबत होती, प्रत्येक वेळी काच खाली जात होती, आणि आत्याचा आवाज मोकळा होत चालला होता. हळूहळू ती हाकेबरोबर आणखीही काही सांगू लागली. ही माझी भाची, हिनं तुम्हाला शोधलं. गाडी चालवतोय तो माझा मुलगा. तुम्ही ज्याच्या मांडीवर आहात तो हर्बर्ट, तोंडाचा कडक आहे पण मनाचा बरा. हर्बर्ट समोर बघत होते. त्यांनी पेटीवरचा हात काढला नाही.

शहरात शिरताना शेवटचा मोठा पूल लागला. शनिवारची संध्याकाळ, दोन्हीकडं गाड्यांची रीघ. ड्वाइटनं पुलाच्या तोंडाशी ट्रक थांबवला. मागच्यानं हॉर्न वाजवला, मग त्याच्या मागच्यानं. कुणीतरी काचेतून डोकं काढून शिवी घातली. आत्या दचकली आणि भराभरा म्हणू लागली.

"सावकाश म्हण, ताई," हर्बर्ट म्हणाले. "नीट ऐकू जाऊ दे तिला."

ड्वाइटनं इंजिन बंद केलं.